मानसिक संकटातील किशोरवयीनांसाठी अल्पकालीन सघन दिवसोपचार : अंबड तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

किशोरवयीन मुलामुलींच्या मानसिक आरोग्याचा विचार आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होतो. एक टोक समुपदेशनाचे, म्हणजे अधूनमधून चार समजुतीच्या गोष्टी सांगण्याचे. दुसरे टोक मनोरुग्णालयाचे. ज्या मुलीने आठ दिवसांपासून नीट अन्न घेतलेले नाही, जी वर्गात येणे बंद झाली आहे आणि 'मला जगायचे नाही' असे जिने मैत्रिणीजवळ बोलून दाखविले आहे, तिला महिन्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात तपासणे अपुरे ठरते. तिला घरापासून दूर दाखल करणे पुष्कळदा अनावश्यक असते व कधी अपायकारकही ठरते. या दोहोंमधील पायरी म्हणजे अल्पकालीन सघन दिवसोपचार होय. या पद्धतीत रुग्ण दिवसाचे काही तास उपचारकेंद्रात घालवितो आणि रोज सायंकाळी स्वतःच्या घरी परततो. असा क्रम दोन ते सहा आठवडे चालतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीची घडण, तिच्यामागील पुरावा व कायद्याची चौकट यांचा परामर्श घेऊन, जालना जिल्ह्यातील अंबडसारख्या तालुक्याच्या गावी ती कोणत्या रूपात उभी राहू शकेल याचे विवेचन केले आहे.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय संख्येत महाराष्ट्र पहिला होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. हे प्रमाण महानगरांत १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. मात्र ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही बाब मराठवाड्याविषयी अनुमान काढताना ध्यानात ठेवावी लागते.

संकल्पनेचा उगम :

रात्री घरी पाठवून दिवसा उपचार करण्याची कल्पना टंचाईतून जन्मली. १९३० च्या दशकाच्या आरंभी मॉस्को येथे रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा असा पहिला प्रयोग झाला. १९४६ साली माँट्रिअल येथे डॉ. युएन कॅमेरॉन व लंडन येथे डॉ. जोशुआ बिअरर यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दिवस-रुग्णालये सुरू केली. अमेरिकेत १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र कायद्यानंतर अशी सेवा प्रत्येक केंद्राच्या आवश्यक सेवांमध्ये गणली गेली. आज तेथे तिच्या दोन पायऱ्या मानल्या जातात. आठवड्याला सुमारे २० तास वा अधिक उपचार देणारी ती 'आंशिक रुग्णालयीन' सेवा; त्याहून कमी, म्हणजे साधारणतः आठवड्यातून तीन दिवस तीन-तीन तास चालणारी ती सघन बाह्यरुग्ण सेवा. तासांचे हे हिशोब विमा कंपन्यांच्या सोयीने ठरले असले तरी त्यांमागे एक नैदानिक तर्क आहे : संकटाच्या काळात दोन भेटींमधील अंतर जितके कमी, तितका धोका लवकर लक्षात येतो.

उपचाराचे स्वरूप :

अशा केंद्रात एका वेळी साधारणतः आठ-दहा मुले असतात. सकाळी आल्यावर प्रत्येकाची विचारपूस होते. काल रात्री झोप कशी लागली, मरणाचे विचार आले का, आले तर त्या वेळी काय केले, हे प्रश्न आडवळण न घेता विचारले जातात. असे थेट विचारल्याने मुलाच्या मनात नसलेला विचार रुजतो ही समजूत शिक्षकवर्गातही रूढ आहे. ती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील शाळांमधील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रश्नांमुळे विद्यार्थ्यांचा त्रास वा आत्मघाती विचार वाढल्याचे आढळले नाही. पूर्वी नैराश्य असलेल्या वा प्रयत्न केलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तसे दिसले नाही.

त्यानंतर गटात कौशल्यांचा तास होतो. डॉ. मार्शा लाइनहान यांनी विकसित केलेल्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचा येथे सर्वाधिक आधार घेतला जातो. सजगता, तीव्र दुःखाचा क्षण निभावून नेणे, भावनांचे नियमन आणि नातेसंबंधांत आपले म्हणणे मांडणे ही त्याची चार अंगे होत. किशोरांसाठी त्यात पाचवे अंग जोडण्यात आले, ते पालक व मूल यांच्यातील मधला मार्ग शोधण्याचे. दिवसाचा एखादा तास शालेय अभ्यासासाठी राखून ठेवतात, कारण अभ्यास बुडण्याची भीती हीच अनेकदा संकटाचे अर्धे कारण असते. आठवड्यातून दोनदा वैयक्तिक उपचारभेट, एकदा कुटुंबाची बैठक आणि एकदा मनोविकारतज्ज्ञांची तपासणी असा सर्वसाधारण क्रम असतो. औषधांच्या बाबतीत ही रचना विशेष उपयोगी ठरते. नैराश्यविरोधी औषधे सुरू केल्यावर आरंभीच्या आठवड्यांत काही किशोरांमध्ये आत्मघाती विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली दिला. महिन्याने परत बोलाविलेल्या मुलावर अशी नजर ठेवता येत नाही. रोज येणाऱ्या मुलावर ती सहज राहते.

तथापि, दिवसोपचाराचे खरे मर्म दिवसात नसून संध्याकाळी आहे. रुग्णालयात दाखल झालेले मूल सुरक्षित असते, परंतु ज्या घरात, ज्या गल्लीत आणि ज्या भांडणांत संकट उद्भवले त्यांपासून ते तुटलेले असते. घरी गेल्यावर तीच परिस्थिती पुन्हा समोर येते. रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. दिवसोपचारात मूल दुपारी शिकलेली गोष्ट त्याच संध्याकाळी वडिलांच्या रागासमोर वापरून पाहते, बहुधा फसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते अपयश घेऊन परत येते. हे फसणे उपचाराचाच भाग मानले जाते. म्हणून घरी निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाची त्या रात्रीपुरती लेखी योजना ठरते : मन बिघडू लागल्याची कोणती खूण प्रथम दिसते, त्या वेळी स्वतः काय करायचे, कोणाजवळ जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, आणि घरातील धोक्याच्या वस्तू कोणाच्या ताब्यात राहतील. स्टॅन्ली व ब्राउन यांनी मांडलेल्या या सुरक्षा-योजनेची अमेरिकेतील तातडीच्या विभागांत परीक्षा झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तौलनिक अभ्यासात, योजना आखून नंतर फोनवर पाठपुरावा केलेल्या रुग्णांमध्ये पुढील सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हे रुग्ण प्रौढ होते. किशोरांच्या बाबतीत योजनेचा दुसरा धनी घरातील मोठे माणूस असावे लागते.

पुरावा कितपत भक्कम?

प्रौढांच्या तीव्र मनोविकारांत दिवस-रुग्णालय हे दाखल उपचारांइतकेच परिणामकारक ठरू शकते, असे कॉक्रेन समीक्षेत दिसून आले आहे; अर्थात हे निवडक रुग्णांपुरते खरे आहे, सर्वांसाठी नव्हे. किशोरांच्या बाबतीत सर्वांत काटेकोर चाचणी जर्मनीत झाली. भूक-विकाराने ग्रस्त ११ ते १८ वयोगटातील १७२ मुलींपैकी काहींना अल्पकाळ दाखल ठेवून पुढे दिवसोपचारात आणले गेले, तर काहींना रुग्णालयातच ठेवले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दिवसोपचाराचा गट मागे पडला नाही. आत्मघाती संकटातील किशोरांच्या दिवसोपचाराबाबत मात्र उपलब्ध अभ्यास मुख्यतः उपचारापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करणारे आहेत. यादृच्छिक चाचण्या थोड्या आहेत. संकट काही अंशी आपोआपही ओसरते, हे लक्षात घेता अशा अभ्यासांतील सुधारणेचे सारे श्रेय उपचाराला देता येत नाही.

अंबडच्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा वेगळ्याच दिशेने येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींवर एक चाचणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यांखेरीज एक तासाची माहितीपर भेट आणि पुढील १८ महिन्यांत फोनने वा प्रत्यक्ष असे नऊ संपर्क. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, तर दुसऱ्यात ०.२ टक्के होते. पुढे अन्यत्र झालेल्या चाचण्यांत एवढा ठळक फरक सर्वत्र दिसला नाही. तरीही नियमित, ठरलेला, माणसाने माणसाशी ठेवलेला संपर्क हा या उपचाराचा एक क्रियाशील घटक आहे असे मानण्यास आधार मिळतो, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असे नाही. दिल्लीतील शासकीय शाळांमध्ये 'संगाथ' या गोव्यात स्थापन झालेल्या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकडून तीन आठवड्यांत चार-पाच भेटींचा समस्या-निराकरणाचा कार्यक्रम राबविला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींत त्याने सुधारणा दिसली, मात्र मानसिक लक्षणांच्या मोजणीत तसा स्पष्ट फरक आढळला नाही. सौम्य कार्यक्रम संकटाला पुरत नाही, हेच यावरून सूचित होते.

अंबडचा संदर्भ :

महाराष्ट्रात दीर्घकाळ ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये राहिली. मराठवाड्यात एकही नव्हते. जालना येथे अशा रुग्णालयास राज्य शासनाने मान्यता दिली, तसेच २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या गोष्टी स्वागतार्ह होत. परंतु बीड-जालना रस्त्यावरील शहागडच्या वा गोदाकाठच्या गोंदीच्या कुटुंबाने रोज अंबड ओलांडून जालन्याला जावे आणि सायंकाळी परतावे, हे पंधरा दिवसही टिकणारे नाही. सोबत जाणाऱ्या पालकाची रोजची मजुरी बुडते. दाखल उपचारासाठी अंतर एकदाच कापावे लागते. दिवसोपचारासाठी ते रोज दोनदा कापावे लागते. त्यामुळे महानगरातील दिवसकेंद्राची प्रतिकृती अंबडला उभारण्याचा विचार करण्याऐवजी, त्यातील कोणता भाग जवळच हवा आणि कोणता दूर असला तरी चालेल, अशी वाटणी करणे इष्ट ठरते. रोजची भेट, गटाचा तास आणि कुटुंबाची बैठक ही जवळच हवीत. निदान, औषधयोजना आणि प्रशिक्षितांवरील देखरेख दुरून होऊ शकते; २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी व त्याच वर्षीच्या दूरमनोपचारविषयक मार्गदर्शिकेने त्यास चौकट दिली आहे.

जवळचा भाग कोठे बसवावा हाही प्रश्न आहे. उपजिल्हा रुग्णालय आणि राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील 'मैत्री' केंद्राची व्यवस्था हा स्वाभाविक आधार होय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी तो जोडता येतो. वेळेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण निर्णायक आहे. खेड्यातील मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत एस.टी. पासवर सकाळी अंबडला शाळा-महाविद्यालयात येतात व संध्याकाळच्या गाडीने परततात. केंद्राची वेळ याच गाड्यांशी जुळविली तर प्रवासाचा वेगळा खर्च येत नाही. शिवाय मुलगी 'कुठे जाते' हा प्रश्न गावात उपस्थित होत नाही. विवाहयोग्य ठरविल्या गेलेल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न उपस्थित न होणे हेच कित्येकदा उपचार चालू राहण्याची अट असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते आणि मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत प्रमाण याहून पुष्कळ अधिक आहे. ठरू घातलेले लग्न हेच संकटाचे कारण असेल तर कौशल्यांचा तास पुरत नाही. तेथे २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालील यंत्रणेला आणि १०९८ या बालमदत क्रमांकाला पाचारण करावे लागते. उपचारकाने तटस्थ राहणे तेथे योग्य नव्हे.

दिवसोपचाराचे एक गृहीत येथे मुळातच डळमळते. संध्याकाळी घरात मोठे माणूस असते, हे ते गृहीत होय. बीड, अहिल्यानगर व जालना जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात असतात. बारावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेच्या पहिल्या टप्प्यात अंबड व घनसावंगी या तालुक्यांचा समावेश झाला. अशा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या सुरक्षा-योजनेत 'घरातील मोठे माणूस' म्हणजे गृहपाल होय, आणि त्याला तसे प्रशिक्षण दिल्याखेरीज योजना कागदावरच राहील. कौटुंबिक बैठक फोनवर घ्यावी लागेल. तीही फडावरचे काम संपल्यावर, रात्री. लातूर वा छत्रपती संभाजीनगर येथील शिकवणी वर्गांतून अर्ध्यावर परत आलेल्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांचे घर जागेवर असते, पण परत आल्याची लाज त्यांना घराबाहेर पडू देत नाही.

शेतकरी कुटुंबात धोक्याच्या वस्तूंचा विचार म्हणजे प्रामुख्याने फवारणीच्या औषधांचा विचार. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. उलट, तेथेच घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याच्या भव्य चाचणीत, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गावपातळीवर फरक पडला नाही. यावरून पेट्या निरुपयोगी ठरत नाहीत. साऱ्या गावाला पेटी देणे वेगळे आणि ज्या घरातील मूल आज संकटात आहे त्या घरातील औषधे चार आठवड्यांसाठी शेजाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या ताब्यात ठेवणे वेगळे. राज्य शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशा कार्यकर्त्या शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. त्याचा रोख स्वाभाविकच कर्त्या शेतकऱ्याकडे राहिला. त्याच उंबरठ्यावरून आत जाऊन सोळा वर्षांच्या मुलाचीही विचारपूस करणे आशा कार्यकर्तीला अवघड नाही.

अनेक कुटुंबे डॉक्टरांपूर्वी देवस्थानाची, अंगारे-धुपाऱ्याची किंवा बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीची वाट धरतात. त्यांना दूषणे देऊन काही साधत नाही. सैलानीला कुटुंबातील कोणीतरी रुग्णासोबत दिवसेंदिवस बसून राहते; बाह्यरुग्ण विभागात त्याला पाच मिनिटे मिळतात. कुटुंबाची ही सोबत दिवसोपचाराला हवीच आहे. साखळीने बांधण्याला मात्र २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे, आणि तेथे तडजोड नाही.

कायद्याची चौकट :

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ ने प्रत्येकास मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला असून बालकांसाठीच्या सेवांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. व्यक्तीला समाजात व कुटुंबात राहता येईल अशा रीतीने सेवा द्यावी, हे तत्त्वही त्यात आहे. अल्पवयीनास दाखल करण्यासाठी कलम ८७ ने कडक अटी घातल्या आहेत : दोन स्वतंत्र तपासण्या, प्रौढांपासून वेगळी व्यवस्था, सोबत पालक आणि पुनरावलोकन मंडळास ७२ तासांच्या आत सूचना. दाखल करणे हा शेवटचा उपाय असावा हा कायद्याचा कल यातून दिसतो, परंतु मधली पायरी उपलब्ध नसेल तर तो कल कागदावरच राहतो. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारे जुने सरसकट कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपविणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. गोपनीयतेची मर्यादाही आरंभीच सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळविणे बंधनकारक आहे.

महाविद्यालयाचा वाटा :

मराठवाड्यात अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. त्यामुळे हा वयोगट प्राध्यापकांच्या नजरेसमोरच वावरत असतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, संकटातील विद्यार्थ्याला तातडीने पुढे पाठविण्याची लेखी पद्धत ठेवावी आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. पुढे पाठवायचे कोठे, याचे उत्तर तालुक्याच्या ठिकाणी तयार नसेल तर ही लेखी पद्धत 'जिल्हा रुग्णालय' या दोन शब्दांवर संपेल. अंबड परिसरातील महाविद्यालयांनी मिळून एक समुपदेशक आणि एक मानसतज्ज्ञ यांचा खर्च वाटून घेतला व उपजिल्हा रुग्णालयाने एक खोली दिली, तर आठ मुलांची चार आठवड्यांची एक तुकडी चालू शकेल, असा हिशोब मांडता येतो. रात्रीच्या संकटासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, प्रत्येक योजनेत लिहिलेला असावा.

प्राध्यापकाने उपचारक होऊ नये. त्याचे काम त्याहून मर्यादित व नेमके आहे. गैरहजेरी आणि उतरलेली वही लक्षात घेणे, एकांतात थेट विचारणे, उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी पालक व समुपदेशक यांच्याकडे सोपविणे, आणि त्याविषयी शिक्षककक्षात चर्चा न करणे एवढे ते आहे. उपचाराच्या चार आठवड्यांतील हजेरी वैद्यकीय रजा म्हणून धरली जाईल असे प्राचार्यांनी लेखी कळविले, तर पालकांचा पहिला आक्षेप तेथेच गळून पडतो. तुकडी संपल्यावर मूल वर्गात परत येते, त्या पहिल्या सोमवारी त्याला मागील चाचणीचे गुण वर्गासमोर विचारले जाऊ नयेत. बुडालेला अभ्यास दोन आठवड्यांत भरून काढण्याची सक्ती नसावी. समुपदेशकाची भेट पहिला महिना आठवड्याला, पुढे पंधरवड्याला अशी चालू राहावी, आणि ती निकालाच्या आठवड्यात हमखास व्हावी.